वैतरणेची उतरण

जून उजाडला की मुंबईच्या वर्तमानपत्रांत रोज एक छोटा चौकोन दिसू लागतो. सात तलावांची नावं, आजचा साठा, गेल्या वर्षीचा साठा, टक्केवारी. लोक टक्केवारी वाचतात आणि पान उलटतात. महापालिकेच्या मूळ तक्त्यात मात्र आणखी एक रकाना असतो आणि सगळं आश्चर्य त्यात दडलेलं आहे. तलाव समुद्रसपाटीपासून किती उंचीवर काठोकाठ भरतो, ते तिथं लिहिलेलं असतं. अप्पर वैतरणा ६०३.५१ मीटर. मध्य वैतरणा २८५ मीटर. मोडक सागर १६३.१५ मीटर. हे तिन्ही तलाव एकाच नदीवर आहेत, एकाखाली एक. वरच्यातून सुटलेलं पाणी नदीच्या पात्रातून मधल्यात येतं, मधल्यातून सुटलेलं खालच्यात, आणि तिथून बोगद्यांतून, जलवाहिन्यांतून मुंबईच्या भांडुपला. या सबंध वाटेवर पाणी पुढं ढकलायला पंप लागत नाही. पाणी नुसतं उतरत राहतं.

या उतरणीचा मधला टप्पा पालघर जिल्ह्यात, मोखाडा तालुक्यातल्या कोचाळे गावाजवळ आहे. जव्हार-मोखाड्याकडे पावसाळ्यात जाणारे हजारो लोक धबधबे पाहतात, धुक्यात फोटो काढतात, कणीस खातात आणि परततात. त्यांनी जरूर जावं. या डोंगरांइतका हिरवा प्रदेश मुंबईपासून दीडशे किलोमीटरांच्या आत दुसरा शोधावा लागेल. पण दरीच्या तळाशी ते जे निळं-करडं पाणी दिसतं, ते तिथं कसं आलं, ते का थांबलं आहे आणि पुढं कुठं जाणार आहे, हे माहीत असेल तर डोळ्यांना त्याच दरीत कितीतरी अधिक दिसतं.

आधी पाऊस. अरबी समुद्रावरून निघालेलं ओलं वारं डहाणू-पालघरच्या सपाट किनाऱ्यावरून आत येतं. मनोर-विक्रमगडपर्यंत त्याला फारसा अडथळा होत नाही. मग जमीन उठू लागते. जव्हारचं पठार साधारण साडेचारशे मीटरवर आहे, मोखाड्याच्या बाजूला सूर्यमाळ त्याहून उंच, आणि पुढं त्र्यंबकेश्वरचा ब्रह्मगिरी तेराशे मीटरच्या घरात. वाऱ्याला वर चढावंच लागतं. चढणारी हवा पसरते, पसरली की गार होते. दर शंभर मीटरला साधारण एक अंश, आणि ढग बनू लागले की थोडी सावकाश. गार हवेत वाफ मावत नाही, तेव्हा ती पाणी होऊन खाली येते. म्हणून किनाऱ्यावर उघडीप असतानाही जव्हारच्या वळणांवर गाडीच्या काचा पुसाव्या लागतात.

पावसाचं मोजमाप आपण मिलिमीटरमध्ये ऐकतो आणि त्यामुळे ते क्षुल्लक वाटतं. एक साधा हिशेब करून पाहा. एक चौरस किलोमीटर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर किती पाणी झालं? दहा लाख लिटर. जव्हार-मोखाड्यात वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. अडीच हजारच धरा. म्हणजे एका चौरस किलोमीटरवर वर्षाला अडीचशे कोटी लिटर पाणी आभाळातून उतरतं. मुंबई शहराला रोज साधारण ३९० कोटी लिटर पाणी पुरवलं जातं. याचा अर्थ, सव्वा-दीड कोटी माणसांच्या शहराची एका दिवसाची तहान या डोंगरातल्या जेमतेम दीड चौरस किलोमीटरच्या वर्षभराच्या पावसाएवढी आहे. मी हा हिशेब पहिल्यांदा मांडला तेव्हा आकडे पुन्हा तपासून पाहिले. ते बरोबर होते.

अर्थात पडलेलं सगळं पाणी हाती लागत नाही. काही झाडं पितात, काही वाफ होऊन जातं, काही मुरतं. आणि मुरण्याची गोष्ट आली की या भागाच्या खडकाशी ओळख करून घ्यावी लागते.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथं लाव्हाचे लोट एकावर एक पसरत गेले. प्रत्येक लोट थिजला, मग त्यावर दुसरा आला. आज डोंगराच्या कड्यावर आडव्या पट्ट्या दिसतात ते हेच थर. थराचा मधला भाग घट्ट आणि काळा, वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र, आणि दोन थरांमध्ये कुठं कुठं तांबड्या मातीची पट्टी. घट्ट थर पाण्याला दाद देत नाही, मऊ थर झिजतो. नदी पठाराच्या काठावर आली की घट्ट थरावरून उडी घेते आणि खालचा मऊ थर कोरत राहते; वरचा कडा निराधार होऊन कधी तरी कोसळतो आणि धबधबा एक पाऊल मागं सरकतो. जव्हारपासून वीसेक किलोमीटरवर लेंडी नदीचा दाभोसा धबधबा सुमारे तीनशे फूट खाली झेपावतो, तो असाच घडलेला आहे. काळमांडवीला पाणी टप्प्याटप्प्यानं उतरतं, तिथं थर मोजता येतील इतके स्पष्ट आहेत.

हाच खडक पाणी साठवायला मात्र कंजूष आहे. वाळूच्या मैदानी प्रदेशात जमिनीखाली पाण्याचे मोठे साठे असतात. थिजलेल्या लाव्हाच्या या खडकात, म्हणजे बसॉल्टमध्ये, पाणी राहतं ते फक्त भेगांत आणि झिजलेल्या थरात. अशा खडकाच्या शंभर लिटर आकारमानातून जेमतेम दोन-तीन लिटर पाणी विहिरीला मिळतं. त्यात उतार तीव्र. जुलैतला पाऊस ओहळातून नदीत, नदीतून दरीत, दरीतून समुद्राकडे काही तासांत निघून जातो. डिसेंबरपर्यंत झरे बारीक होतात, मार्चमध्ये विहिरींचे तळ दिसू लागतात, आणि एप्रिल-मेमध्ये त्याच पाड्यांवर टँकर येतो जिथं जुलैत दोन हात पुढचं दिसत नव्हतं. पाऊस पडतो चार महिने, माणसाला पाणी लागतं बारा महिने. मधले आठ महिने भरून काढायचे तर पाणी कुठं तरी अडवून धरलं पाहिजे. धरण म्हणजे तेवढंच: पावसाळा लांबवण्याची एक युक्ती.

ही युक्ती जव्हारलाही दिसते. जव्हारच्या मुकणे संस्थानिकांची राजधानी या पठारावर टिकली ती डोंगरांच्या आडोशामुळे. महादेव कोळ्यांचं हे राज्य चौदाव्या शतकापासून १९४८ मध्ये विलीन होईपर्यंत चाललं. जयविलास राजवाडा आणि शिवाजी महाराज १६६४ मध्ये सुरतेकडे जाताना जिथं थांबले असं सांगतात तो शिरपामाळ, ही दोन्ही ठिकाणं पर्यटकांच्या यादीत असतातच. गावाजवळचं जयसागर धरण आणि खडखड धरण मात्र लोक केवळ 'पॉइंट' म्हणून पाहतात. खडखडचा सांडवा ऑगस्टमध्ये खडकांवरून फेसाळत उतरतो तेव्हा ते दृश्य कुठल्याही नैसर्गिक धबधब्यापेक्षा कमी नसतं. सांडवा म्हणजे धरण भरल्यावर जादा पाण्याला दिलेली वाट. तो वाहतो आहे याचा अर्थ वरचा साठा पूर्ण झाला, आता जे पडेल ते पुढच्या गावाचं.

आता मोठ्या तलावांकडे येऊ. मला सगळ्यात जास्त चकित केलं ते अप्पर वैतरणा आणि मध्य वैतरणा या दोघांच्या तुलनेनं.

महापालिकेच्या त्याच तक्त्यात तलावाची कमाल पातळी असते तशी किमान पातळीही असते, म्हणजे जिच्याखाली पाणी नेहमीच्या पद्धतीनं उपसता येत नाही ती. अप्पर वैतरणाची कमाल ६०३.५१ मीटर, किमान ५९५.४४ मीटर. फरक आठ मीटर. मध्य वैतरणाची कमाल २८५, किमान २२०. फरक तब्बल पासष्ट मीटर. आता साठा पाहा. अप्पर वैतरणात वापरण्याजोगं पाणी २,२७,०४७ दशलक्ष लिटर, मध्य वैतरणात १,९३,५३० दशलक्ष लिटर. आठ मीटर खोलीत जास्त पाणी, पासष्ट मीटर खोलीत कमी!

उत्तर भूगोलात आहे. अप्पर वैतरणा इगतपुरी तालुक्यात, घाटमाथ्यावरच्या पसरट प्रदेशात आहे. तिथं पाण्याला पसरायला जागा आहे. साठ्याला खोलीनं भागलं तर सरासरी पृष्ठभाग अठ्ठावीस चौरस किलोमीटर येतो. मध्य वैतरणा घाट उतरल्यावरच्या अरुंद, खोल दरीत आहे. तिथं तोच भागाकार केला की सरासरी फक्त तीन चौरस किलोमीटर उरतो. घोटीहून त्र्यंबककडे जाताना वैतरणा तलाव समुद्रासारखा आडवा पसरलेला दिसतो, लाटा उठतात, पलीकडचा काठ धूसर असतो. कसाऱ्याहून विहीगावमार्गे खोडाळ्याला जाणारा रस्ता जिथं वैतरणेची दरी ओलांडतो तिथलं दृश्य अगदी वेगळं आहे. तिथं डोंगरांच्या बेचक्यांत शिरलेलं, वळणावळणाचं, काळोखं पाणी. नदी तीच. वर ती पसरली आहे, खाली ती उभी आहे.

या फरकाचे परिणाम दूरवर जातात. उन्हाळ्यात उघड्या पाण्याची रोज काही मिलिमीटर वाफ होते. समजा एका मोसमात एक मीटर पाणी उडालं. अठ्ठावीस चौरस किलोमीटरवरून ते अठ्ठावीस हजार दशलक्ष लिटर झालं, तीन चौरस किलोमीटरवरून फक्त तीन हजार. पाणी राखायचं तर अरुंद दरी उत्तम. पण दरीत पाणी साठवायचं तर भिंत उंच हवी, आणि मध्य वैतरणाची भिंत शंभर मीटरहून उंच आहे.

एवढ्या भिंतीवर पाण्याचा किती भार येतो? पाण्यात दर दहा मीटर खाली गेलं की प्रत्येक चौरस मीटरवर दहा टन भार वाढतो. शंभर मीटर खोल पाण्याच्या तळाशी चौरस मीटरला शंभर टन. खरी गंमत यापुढं आहे. हा दाब तलाव किती लांब आहे यावर अवलंबून नसतो, फक्त खोलीवर असतो. भिंतीमागं पाणी एक किलोमीटर पसरलं असो की वीस किलोमीटर, खोली तेवढीच असेल तर भिंतीला तोच दाब सोसावा लागतो. सतराव्या शतकात ब्लेझ पास्कालनं द्रवाच्या दाबाचे नियम मांडले, पण आजही तलावाच्या काठावर उभं राहून ते मनाला पटत नाहीत.

हा दाब भिंत कशी अडवते? आपल्या वजनानं. अशा धरणाला गुरुत्व धरण म्हणतात. भिंत वर अरुंद आणि पायथ्याशी रुंद असते. पाणी तिला आडवं ढकलतं, तिचं स्वतःचं वजन तिला खाली दाबून धरतं, आणि या दोन बळांची बेरीज पायाच्या आत पडली की भिंत जागची हलत नाही. त्यासाठी लागतं प्रचंड काँक्रीट. एकदम ओतलं तर सिमेंटच्या रासायनिक क्रियेतली उष्णता आत कोंडते आणि थंड होताना तडे जातात. मध्य वैतरणाच्या बांधकामात म्हणून वेगळी पद्धत वापरली गेली. पाणी कमी असलेलं, कोरडं वाटेल असं काँक्रीट पातळ थरांत पसरायचं आणि रस्त्यावर फिरवतात तसल्या रोलरनं दाबत जायचं. सिमेंटचा बराचसा भाग औष्णिक वीजकेंद्राच्या राखेनं भरून काढला की उष्णताही कमी निर्माण होते. देशात ही पद्धत पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर आली तीही महाराष्ट्रातच, घाटघरच्या जलविद्युत प्रकल्पात. लाव्हाच्या थरांनी बनलेल्या डोंगरात माणसानं पुन्हा थरावर थर रचून भिंत उभी करावी, हे मला फार विलक्षण वाटतं.

मोडक सागरची कथा याआधीची. १९५७ मध्ये पूर्ण झालेल्या या धरणाला महापालिकेचे अभियंते एन. व्ही. मोडक यांचं नाव आहे. बृहन्मुंबईचा १९४८ चा प्रसिद्ध मोडक-मेयर आराखडा ज्यांनी केला, तेच हे मोडक. अप्पर वैतरणा १९७३ चं. मध्य वैतरणाची शिफारस नव्वदच्या दशकात डॉ. माधवराव चितळे समितीनं केली आणि २०१४ मध्ये त्याचं लोकार्पण झालं. त्याच वर्षी, १ ऑगस्टला, पालघर हा वेगळा जिल्हा झाला.

तलावाच्या काठावर गेल्यावर एक गोष्ट हमखास नजरेत भरते, विशेषतः फेब्रुवारीनंतर. पाणी आणि झाडी यांच्यामध्ये उघडा, मातकट पट्टा. नैसर्गिक सरोवराला असा पट्टा सहसा नसतो. तिथं पाण्याची पातळी थोडीफारच हलते आणि काठावर लव्हाळी, गवत यांची वस्ती स्थिर होते. इथं पातळी वर्षात अनेक मजले चढते-उतरते. सप्टेंबरमध्ये पाण्याखाली असलेली जागा मेमध्ये तापलेला खडक होते. पाण्यातली वनस्पती तिथं उन्हाळा काढू शकत नाही, रानातली वनस्पती पावसाळा काढू शकत नाही. त्यामुळे तो पट्टा कुणाचाच राहत नाही. मेमधल्या एखाद्या कोरड्या वर्षी मध्य वैतरणाच्या बाजूनं पाहिलं तर हा पट्टा दरीच्या कुशीत कितीतरी खोल उतरत गेलेला दिसतो आणि आपण पाणी किती वापरलं ते डोळ्यांना कळतं.

याच पट्ट्यात धोका आहे, तो नीट समजून घ्यायला हवा. धरणाचा जलाशय हा तळं नसतो. तो पाण्यानं भरलेला डोंगरउतार असतो. गावतळ्यात माणूस काठावरून हळूहळू आत जातो, पाणी घोट्याला, मग गुडघ्याला लागतं. इथं पाण्याखालची जमीन डोंगर जसा उतरतो तशीच उतरते, आणि तिसऱ्या पावलाला पायाखाली काहीच नसतं. वर ओला गाळ, त्याखाली गुळगुळीत कातळ. शिवाय खोल जलाशयात पाण्याचे दोन थर पडतात. उन्हानं तापलेलं हलकं पाणी वर तरंगतं, थंड आणि जड पाणी खाली राहतं, आणि दोन्ही महिनोन्महिने एकमेकांत मिसळत नाहीत. पोहणाऱ्याला वरचं कोमट पाणी फसवतं. सूर मारला की शरीर अचानक गारठ्यात शिरतं, श्वास आखडतो. म्हणूनच धरणातून पाणी घेण्याच्या मनोऱ्याला वेगवेगळ्या उंचीवर दारं ठेवतात, कारण तळाच्या पाण्यात प्राणवायू कमी असतो आणि त्याची चवही वेगळी असते. दाभोशासारख्या धबधब्याखालच्या डोहातही खोलीचा हाच धोका आहे, त्यात वरून कोसळणाऱ्या पाण्याचा भोवरा. दर पावसाळ्यात कुणाचा तरी मुलगा अशा डोहात जातो. काठावर बसा, पाय भिजवायचे तर उथळ ओहळात भिजवा, पण जलाशयात आणि डोहात उतरू नका. धरणाच्या आवारात परवानगीशिवाय जाऊही नका. तिथली बंदी अकारण नाही.

काठावर बसायला कारणं पुष्कळ आहेत. हिवाळ्याच्या सकाळी बुडालेल्या झाडाच्या उघड्या फांदीवर पाणकावळा पंख पसरून वाळवत बसलेला असतो. टिबुकली बुडी मारते आणि भलतीकडेच वर येते. हळदी-कुंकू बदकांची जोडी काठाकाठानं सरकते, ब्राह्मणी घार पाण्यावरून घिरट्या घालते. सूर्यमाळच्या बाजूला हिवाळ्यात थंडी चांगलीच कडक पडते आणि धुकं दरीतल्या पाण्यावर जमून राहतं, कारण रात्री डोंगरावरची गार, जड हवा घरंगळत खाली येते आणि पाण्यावरच्या ओल्या हवेला भेटते. सूर्य वर आला की ते धुकं उठतं आणि दरीचा तळ हळूहळू उघडा होतो. खोडाळ्याजवळ देवबांधला गणपतीचं देऊळ आहे, तिथपर्यंत येणाऱ्यांनी ही वेळ साधावी.

पहिल्या पावसात मात्र नजर पाण्याच्या उलट दिशेला ठेवावी. या भागातले लोक चढणीच्या माशांची वाट पाहतात. ओहळ वाहू लागले की मासे प्रवाहाविरुद्ध वर निघतात, अंडी घालायला, भाताच्या खाचरांपर्यंत. सगळं पाणी खाली धावत असताना एवढासा जीव वर चढतो. शंभर मीटरच्या भिंतीपुढं ही चढण संपते. धरणानं पाणी अडवलं तसे मासेही अडवले, आणि पाण्याखाली रान गेलं, शेतं गेली. याच प्रदेशातल्या गारगाई आणि पिंजाळ या नद्यांवर आणखी दोन धरणांचे मुंबई महापालिकेचे प्रस्ताव कित्येक वर्षं पुढं सरकत आहेत, तेव्हा हा हिशेब आपण विसरू नये.

उतरणीच्या शेवटच्या भागाकडे आता जाऊ. अप्पर वैतरणातून सुटलेलं पाणी आधी जलविद्युत केंद्रातून जातं, तिथं साठ मेगावॉटची वीज होते, आणि मग ते नदीला मिळतं. ६०३ मीटरवरून २८५ मीटरवर, म्हणजे तीनशे मीटरहून अधिक उतार. मध्य वैतरणातून मोडक सागरपर्यंत आणखी एकशे वीस मीटर. मोडक सागरपासून भांडुपच्या शुद्धीकरण केंद्रापर्यंत डोंगरातले बोगदे आणि माणूस उभा आत चालू शकेल एवढ्या जाडीच्या जलवाहिन्या, आणि प्रत्येक ठिकाणी थोडा थोडा उतार राखलेला. भातसा तलावाचं पाणी पंपानं उचलावं लागतं. वैतरणा आणि तानसाचं पाणी मात्र आपल्या पायांनी येतं. एक हजार लिटर पाणी शंभर मीटर वर चढवायला किती वीज लागते? सिद्धांतानं पाव युनिटहून थोडी जास्त, पंपातली तूट धरून अर्धा युनिट. मध्य वैतरणा रोज मुंबईला ४५५ दशलक्ष लिटर पाणी देते. हे पाणी जर शंभर मीटर उचलावं लागलं असतं तर रोज दोन लाखांहून अधिक युनिट वीज जळाली असती. डोंगर ही वीज रोज फुकट देतो, गेली दहा-बारा वर्षं, मधे एकही सुट्टी न घेता.

आणि त्या डोंगरावर राहणारा माणूस? मुंबईसाठी जो उतार वरदान ठरला, तोच त्याच्यासाठी चढ आहे. पाडे टेकाडांवर आहेत, कारण भाताची सपाट जमीन आणि ओहळ खाली. पाणी दरीत, घर वर. एका हंड्यात पंधरा लिटर, म्हणजे पंधरा किलो. मेच्या उन्हात खालच्या विहिरीवरून किंवा नदीच्या कोरड्या पात्रात खणलेल्या खड्ड्यातून ते वर आणायचं, डोक्यावर दोन आणि कडेवर एक. दूरवर, दरीच्या तळाशी, जलाशयाचं पाणी उन्हात चकाकत असतं. पाणी नाही म्हणून मळा नाही, मळा नाही म्हणून भात कापला की कुटुंबंच्या कुटुंबं भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्यांवर निघून जातात. जिथं थोडं पाणी मिळालं तिथं काय होतं तेही याच तालुक्यांत दिसतं. जव्हार-विक्रमगडकडच्या शेतकऱ्यांनी मोगऱ्याचे मळे फुलवले आहेत आणि ती फुलं पहाटे दादरच्या बाजारात पोहोचतात.

काही पाड्यांवर सौर पंपानं खालचं पाणी वर आणलं गेलं आहे, हिवाळ्यात ओहळांवर मातीच्या पोत्यांचे वनराई बंधारे घातले जातात. हे सगळीकडे व्हायला हवं, आणि ते विज्ञानाच्या दृष्टीनं कठीण नाही. अर्ध्या युनिटचा तो हिशेब इथंही लागू आहे. दहा हजार लिटरचा एक टँकर भरेल एवढं पाणी दरीतून शंभर मीटर वर आणायला पाच युनिट वीज लागेल. मुंबईतल्या एखाद्या घरातलं वातानुकूलन यंत्र एका रात्रीत तेवढी वापरतं. ज्या डोंगरानं एका महानगराला रोज दोन लाख युनिटांची बचत दिली, त्याच्या पाड्यांना ही पाच-दहा युनिटं देणं हे महानगराचं कर्तव्य आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. पाणी खाली आहे, यंत्र उपलब्ध आहे, ऊन तर आठ महिने रणरणतं असतं.

तुम्ही जाणार असाल तर सप्टेंबरच्या शेवटी जा, तलाव काठोकाठ असतात आणि गर्दी ओसरलेली असते. कसारा-खोडाळा रस्त्यानं शिरा, मोखाड्याहून जव्हारला या आणि जमलं तर दुसऱ्या दिवशी त्र्यंबकमार्गे वरच्या तलावापर्यंत चढा, म्हणजे नदीची उतरण उलट्या दिशेनं पाहता येईल. मुक्काम स्थानिक माणसाच्या घरी किंवा खानावळीत करा, नागलीची भाकरी मागा, रस्त्याकडेला बसलेल्या बाईकडून रानभाजी घ्या आणि भावात घासाघीस करू नका. प्लास्टिकची बाटली तिथं टाकू नका, तेच पाणी पुढं तुमच्या किंवा तुमच्या नातेवाइकांच्या नळाला येणार आहे. आणि त्याच रस्त्यानं एकदा मेमध्येही जा.